मूल चुकले, की आपल्याला कळले नाही? प्राथमिक शाळेतील पहिल्या वर्षाविषयी

सीमेवरची शाळा (जत, जि. सांगली)

नमस्कार. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षणसेवक (सुरुवातीची वर्षे मानधनावर काम करणारी शिक्षिका) म्हणून माझे पहिले पूर्ण वर्ष एप्रिल २०२५ मध्ये संपले. २०२३ च्या शिक्षक अभियोग्यता चाचणीनंतर शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत निवड होऊन २०२४ च्या जूनमध्ये ज्यांना पहिल्यांदा स्वतःचा वर्ग मिळाला, असे आपल्यापैकी अनेक जण सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आहेत. वर्षभर आपण भेटलो ते केंद्राच्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत किंवा एखाद्या प्रशिक्षणात, आणि तिथे बोलणे झाले ते बहुतेक माहिती भरण्याच्या मुदतींविषयी. आता सुट्टी आहे, म्हणून हा धागा काढते आहे. मला एकच गोष्ट विचारायची आहे. मुलाचे उत्तर आपण चूक ठरवले आणि नंतर कळले की चूक आपल्याच ऐकण्यात किंवा पाहण्यात होती, असे या वर्षात तुमच्या वर्गात घडले का? घडले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात माझ्यापासून करते.

माझी शाळा जत तालुक्याच्या पूर्व भागात, कर्नाटकच्या हद्दीजवळ आहे. या तालुक्यात कानडी माध्यमाच्याही शाळा आहेत, परंतु आमच्या वस्तीवरची शाळा मराठी माध्यमाची आहे आणि वस्तीतल्या बहुतेक घरांत बोलणे मात्र कानडी आहे. माझ्याकडे पहिली आणि दुसरी असे दोन वर्ग, मिळून २३ मुले. मी तासगाव भागातली असल्याने मला कानडी येत नव्हते.

पहिले दोन महिने मी समाधानात होते. दुसरीतली मुले अक्षरे ओळखत होती, काना-मात्रा-वेलांटी नीट वाचत होती आणि काही जण तर माझ्या अपेक्षेपेक्षा वेगाने वाचत होते. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मूल मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचेल असे उद्दिष्ट आहे. मी घड्याळ लावून शब्द मोजत होते आणि आकडा वाढताना पाहून मला बरे वाटत होते. 'समजून' हा त्यातला शब्द माझ्या मोजणीत कुठेच नव्हता.

ऑगस्टमधल्या एका दिवशी मी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली : 'कोळी जाळे विणतो. जाळ्यात माशी अडकते.' मुलांनी ती वाचायची आणि वहीत चित्र काढायचे, एवढेच काम होते. खिडकीजवळ बसणाऱ्या दुसरीतल्या एका मुलीने कोंबडी काढली. तुरा, चोच, तीन-तीन बोटांचे पाय, सगळे मन लावून काढले होते, आणि त्या कोंबडीवर आडव्या-उभ्या रेघांचे एक मोठे डालगे झाकले होते. डालग्याबाहेर एक माशी होती. मी लाल पेनने चित्रावर फुली मारली आणि खाली 'नीट वाच' असे लिहिले. ती काही बोलली नाही. वही बंद करून तिने दप्तरात ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर काढली नाही.

दुपारी पोषण आहाराच्या वेळी आमच्या स्वयंपाकीण मावशींशी बोलताना मी सहज हे सांगितले. त्यांनी भाताचा डाव तसाच हातात धरला आणि म्हणाल्या, "बाई, आमच्यात कोळी म्हंजे कोंबडीच की."

त्या संध्याकाळी खोलीवर मी बराच वेळ त्या चित्राचाच विचार करत होते. मुलीने शब्द बरोबर वाचला होता. जन्मापासून घरात ऐकलेला त्याचा अर्थ तिने त्या शब्दाला दिला होता. मग कोंबडी आणि जाळे यांचा मेळ बसेना, तेव्हा कोंबडीशी जोडलेली जाळीची जी एकमेव वस्तू तिला ठाऊक होती, ते डालगे, तिने तिथे आणले होते. म्हणजे सबंध वर्गात त्या वाक्यांचा अर्थ लावण्यासाठी सर्वांत जास्त धडपड तिने केली होती आणि फुली तिलाच मिळाली होती. ज्यांनी फळ्याशेजारच्या तक्त्यावरचा आठ पायांचा कोळी पाहून उतरवला, त्यांना मी 'छान' दिले होते. त्यांच्यातल्या कितींना वाक्य कळले होते, हे मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गासमोर ती फुली खोडली आणि का खोडली ते सांगितले. फळ्यावर दोन कोळी काढले, एक मराठी आणि एक कानडी. त्यानंतर दोन्हीकडे सापडणारे शब्द गोळा करण्याचा मुलांना नादच लागला. तूप आणि तुप्प, अक्का, अण्णा. 'नीरु' म्हणजे पाणी हे मला त्यांनी शिकवले आणि मराठी कवितेत येणारा 'नीर' मी त्यांना दाखवला.

सप्टेंबरात संख्यावाचन सुरू झाले तेव्हा हीच गोष्ट निराळ्या रूपात पुढे आली. मी 'सत्तावीस' म्हटले की निम्मी मुले ७२ लिहीत. मराठी घरांतली मुलेही असे लिहितात, कारण मराठीत एकक आधी ऐकू येतो आणि दशक मागून, लिहिताना मात्र दशक आधी. परंतु कानडीत सत्तावीसला 'इप्पत्तेळु' म्हणतात, म्हणजे वीस आणि सात. जसे ऐकायचे तसेच लिहायचे. एकोणतीस या शब्दात तर तिसाला एक कमी अशी वजाबाकी दडलेली आहे. कानडीत तिथेही सरळ वीस आणि नऊच असते. मी काही न बोलता फळ्यावर नुसते २७ लिहिले आणि काड्या मांडायला सांगितल्या, तेव्हा बहुतेकांनी दोन गठ्ठे आणि सात सुट्ट्या काड्या मांडल्या. स्थानिक किंमत त्यांना येत होती, अडचण शब्दाच्या उलट्या क्रमाची होती. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' या पद्धतीचे वाचन जोडून दिले गेले, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. मी त्या वेळी या बदलाच्या ठाम विरोधात होते. सत्तावीस, अठ्ठावीस हे शब्द मुलांना आलेच पाहिजेत असे मला आजही वाटते, कारण दुकानात आणि बँकेत तेच चालतात. पण तिथपर्यंत पोहोचायला 'वीस आणि सात' ही पायरी माझ्या वर्गाला लागली आणि ती मी दिली.

'माझा पुस्तक', 'ते खुर्ची' या चुकांवरही मी पहिले दोन महिने नुसते टोकत राहिले. कानडीत माणसे सोडली तर बाकी वस्तू नपुंसकलिंगी असतात. मराठीत फळा तो, खुर्ची ती आणि पुस्तक ते का, याला सांगता येण्यासारखे कारण माझ्याकडेही नाही. तेव्हापासून मी शब्द एकटा शिकवत नाही, 'ती खुर्ची', 'ते पुस्तक' असा जोडीनेच शिकवते.

सप्टेंबरपासून मी एक शंभर पानी वही ठेवली आहे. डाव्या पानावर मुलाचे 'चुकलेले' उत्तर आणि उजव्या पानावर, त्याला विचारून कळले तर, त्यामागचे कारण. प्रत्येक वेळी कारण सापडत नाही. कधी मुलाला खरोखरच येत नसते आणि तेही मान्य करावे लागते. पण जिथे सापडले, तिथे पुढच्या आठवड्याचे शिकवणे बदलावे लागले. आता आपण लिहावे.

येरळाकाठ (खटाव, जि. सातारा)

ताई, आपण लिहिलेले दोनदा वाचले. माझ्या वर्गातील सर्व मुले मराठीच बोलतात, तरीही माझ्याकडून हे घडले. पहिलीच्या वर्गात 'पाऊस पडल्यावर काय काय होते?' असे मी विचारले होते. एक मुलगा उभा राहून म्हणाला, "टँकर बंद व्हतो." मी 'नाही' म्हणालो आणि दुसऱ्या मुलाकडे वळलो, कारण मला 'झाडे हिरवी होतात, नदी वाहते' हे ऐकायचे होते. आमच्या वाडीवर उन्हाळाभर पाणी टँकरने येते. नदी वाहताना त्या मुलाने त्याच्या सहा वर्षांच्या आयुष्यात किती वेळा पाहिली असेल, हे मी विचारातच घेतले नव्हते. दोन दिवसांनी मी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि त्याच्याकडे पाहिले, तेव्हा तो म्हणाला, "झाडं हिरवी व्हत्यात." माझे उत्तर त्याने मला परत दिले होते. ते ऐकून मला जे वाटले ते अजून गेलेले नाही.

कोयनेपलीकडे (जावळी, जि. सातारा)

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. माझी नेमणूक जावळी तालुक्यातल्या दुशिक्षकी शाळेत झाली. पट ११, वर्ग पहिली ते चौथी. मुख्याध्यापकांचा प्रभार असलेले सर सभांना किंवा टपाल द्यायला तालुक्याला गेले की चारही वर्ग माझ्याकडे असतात, आणि ते आठवड्यातून दोन-तीन दिवस जातात. भाषेचा अनुभव मलाही आला. मी 'काहून?' म्हटले की मुले एकमेकांकडे पाहत, आणि त्यांचे 'आमी तकडं जातूय' मला दुसऱ्यांदा विचारावे लागे. तो प्रश्न मात्र महिन्याभरात सुटला. मला लिहायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

सुरुवातीला मी चार वर्गांना अर्धा-अर्धा तास वाटून दिला होता. एका वर्गाला शिकवताना उरलेले तीन वर्ग पाठ उतरवून काढत. जुलैत मी ते बंद केले आणि एकच विषय चौघांना चार पायऱ्यांनी द्यायचे ठरवले. आमच्याकडे तेव्हा बाहेर पाऊसच होता, म्हणून पाऊस हाच विषय घेतला. बाटली कापून पर्जन्यमापक केला. रोज सकाळी पहिलीने पावसाचे चित्र काढायचे, दुसरीने थेंब, सर, झड असे शब्द लिहायचे, तिसरीने मिलिमीटर वाचायचे आणि चौथीने तक्त्यात आकडा भरून आठवड्याची बेरीज करायची. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि आमचे गाव त्याच डोंगररांगेत आहे, त्यामुळे आकडे मोठे यायचे आणि मुलांना त्याचा अभिमान वाटायचा.

जुलैच्या शेवटी एका रात्री इतका पाऊस झाला की शाळेसमोरचा ओढा पायरीपर्यंत आला. सकाळी ११ पैकी ४ मुले आली. चौथीतल्या मुलाने तक्त्यात त्या दिवसासमोर शून्य लिहिले. मी जरा चिडूनच बोलले, "अरे, रात्रभर काय ऐकत होतास? शून्य पाऊस होता का?" तो गप्प राहिला. मग मला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेला. वाऱ्याने बाटली विटांमधून उपटून आडवी पाडली होती आणि तिच्यात पाणी नव्हते. "मॅडम, बाटलीत जेवढं असंल तेवढंच लिवायचं, असं तुमीच म्हनला व्हता."

हे मीच सांगितले होते, आणि ते सांगणे बरोबरही होते. त्याने आकडा मनाने बनवला नाही, जे दिसले ते लिहिले. ओलेत्या पायऱ्यांवर बसून आम्ही चौघे मुले आणि मी पुष्कळ वेळ बोललो. पाऊस पडला नाही तर शून्य. पाऊस पडला पण आपल्याला मोजता आला नाही, तर काय लिहायचे? तिसरीतल्या मुलीने सांगितले, "कायच नाय लिवायचं, जागा सोडायची." चौथीतला मुलगा म्हणाला, जागा सोडली तर नंतर बघणाऱ्याला वाटेल की आपण विसरलो. शेवटी 'नोंद नाही' असे लिहायचे ठरले. शून्य आणि 'नोंद नाही' यांतला हा फरक मला डी.एल.एड.मध्ये (शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेत) कोणी शिकवला नव्हता.

मानधनाविषयीही एक ओळ लिहिते, कारण नव्या उमेदवारांना ते माहीत असलेले बरे. शिक्षणसेवकाचा काळ तीन वर्षांचा असतो. प्राथमिकसाठी जानेवारी २०२३ पासून मानधन दरमहा ६,००० वरून १६,००० रुपये झाले, ही मोठी सुधारणा आहे. पण माझे पहिले मानधन काही महिने उशिरा हाती आले आणि तोवर खोलीचे भाडे घरून मागवावे लागले. घरापासून दूर नेमणूक होणाऱ्यांनी तेवढी तयारी ठेवूनच यावे.

निवृत्त केंद्रप्रमुख (सातारा)

तुम्हा तिघांचेही लेखन वाचून समाधान वाटले. जावळीच्या मॅडमनी लिहिलेला फरक मी नोकरीची ३० वर्षे कागदावर पाहत आलो, म्हणून त्यावर थोडे लिहितो.

शाळाभेटीत मी हजेरी, आकारिक नोंदी (मुलांच्या प्रगतीच्या वर्षभर ठेवायच्या नोंदी), पोषण आहाराची नोंदवही पाहत असे. नवे शिक्षक या कामाला कंटाळतात आणि त्यांचा कंटाळा पुष्कळदा रास्तही असतो, कारण एकच माहिती तीन ठिकाणी भरावी लागते. तरी एक विनंती आहे. नोंद म्हणजे केवळ कार्यालयाला द्यायचा कागद, असे समजू नका. साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाची नोंद झाली. ती कोणीतरी नीट केली आणि पुढच्यांनी नीट जपली, म्हणून २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळता येतो. ती ओळ लिहिणाऱ्याला आपण कोणाचे नाव लिहितो आहोत हे कळणे शक्यच नव्हते. तुमच्या जनरल रजिस्टरातल्या (प्रवेशाच्या नोंदवहीतल्या) मुलांबद्दलही तसेच आहे. जन्मतारखेतला एक चुकीचा आकडा सुधारायला मुलाच्या आईवडिलांचे पुढे किती हेलपाटे होतात, ते मी पाहिले आहे.

आता माझ्या चुकीविषयी. मी वर्गात जाऊन मुलांना प्रश्न विचारीत असे, आणि मूल बोलले नाही तर शेऱ्यात 'विद्यार्थी प्रतिसाद देत नाहीत' असे लिहीत असे. नवखा माणूस, हातात फाइल, शेजारी गंभीर चेहऱ्याने उभे असलेले गुरुजी. अशा वेळी सहा वर्षांचे मूल बोलणार कसे? मॅडमच्या भाषेत सांगायचे तर तिथे मी 'नोंद नाही' असे लिहायला हवे होते. मी शून्य लिहीत होतो, आणि त्या शेऱ्यांचा त्रास शिक्षकांना झाला असणार.

जतच्या बाईंनी ठेवली आहे तशी वही प्रत्येकाने ठेवावी. मात्र ती कोणाला दाखवण्यासाठी ठेवू नये आणि तिचा नवोपक्रम करून स्पर्धेला पाठवण्याची घाईही करू नये.

ऊसपट्टा (वाळवा, जि. सांगली)

या धाग्यावर लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. माझ्या बाबतीत जे घडले ते पूर्णपणे दुरुस्त करता आले नाही.

आमच्या गावाच्या शिवारात नोव्हेंबरपासून ऊसतोड कामगारांचा तळ पडतो. बहुतेक कुटुंबे बीड जिल्ह्यातली. २० नोव्हेंबरच्या विधानसभा मतदानाचे काम संपवून शाळेत परतलो, तेव्हा तळावरची पाच मुले शाळेत आलेली होती. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात घ्यायचे असते, म्हणून नऊ वर्षांची एक मुलगी माझ्या तिसरीच्या वर्गात आली. तिच्याजवळ स्थलांतरित मुलांना पुढच्या शाळेत दाखवण्यासाठी दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड होते, पण तिला कुठवर येते ते त्यावरून समजेना. मी पहिल्याच दिवशी तिला चाचणी दिली. हेतू चांगला होता. कोठून सुरुवात करायची ते मला समजून घ्यायचे होते. तिने तासभर पेपर समोर ठेवला आणि कोराच परत दिला. मी नोंदवहीत तिच्या नावापुढे भाषा शून्य, गणित शून्य असे लिहिले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

आठवड्यानंतर मी तळावर गेलो. आईवडील पहाटेच तोडीला गेले होते. ती खोपीपुढे धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. मला पाहून ती उठली आणि आत गेली. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ती गावातल्या किराणा दुकानात उभी होती, म्हणून मीही थांबलो. साखर, चहापुडी आणि तेल मिळून ७२ रुपये झाले. तिने दोनशेची नोट दिली. दुकानदाराने पैसे मोजायच्या आत ती पुटपुटली, "आठ, वीस, शंभर," आणि हात पुढे केला. एकशे अठ्ठावीस रुपये तिने पुन्हा मोजून घेतले.

बहात्तरला आठ घातले की ऐंशी, वीस घातले की शंभर, आणखी शंभर घातले की दोनशे. वजाबाकी ती बेरजेने करत होती, आणि ती रीत अचूक होती. माझ्या चाचणीत '२०० − ७२' हेच उदाहरण हातच्याच्या मांडणीत होते. ते तिने कोरे सोडले होते, कारण कागदावरची ती मांडणी तिने कधी पाहिलीच नसावी. नोंदवहीतले शून्य डोळ्यांपुढे उभे राहिले. मी तिला तिथेच विचारले, "हे आमच्या वर्गाला शिकवशील का?" ती हसली नाही, पण दोन दिवसांनी भावाला कडेवर घेऊन शाळेत आली. भाऊ अंगणवाडीत बसू लागला. तिने फळ्याजवळ उभे राहून 'आठ, वीस, शंभर' करून दाखवले, आणि माझ्या वर्गातल्या ज्या मुलांची हातच्यावर गाडी अडत होती, त्यांच्यातल्या तिघांना ती रीत लगेच समजली.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, आणि एका रात्रीत तळ उठला. ती गेली हे मला सकाळी समजले. तिचे कार्ड मी आधीच भरून दिले होते, एवढेच समाधान आहे. त्यावरच्या रिकाम्या जागेत मी लिहिले आहे : 'तोंडी वजाबाकी उत्तम, पुढे मोजत जाऊन करते. उभी मांडणी शिकवणे सुरू आहे. बाराखडी वाचते, जोडाक्षरांवर काम हवे. कृपया पहिल्या दिवशी लेखी चाचणी घेऊ नये.' पुढच्या शाळेतल्या शिक्षकांनी ते वाचले का, हे मला कळण्याचा मार्ग नाही.

पालक (जत)

मी शिक्षक नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे, मुलगा तिसरीत आहे आणि घरची भाषा कानडी आहे. बाईंच्या लेखनाचा आदर ठेवून एक शंका विचारतो. आम्ही मुलांना मराठी शाळेत घालतो ते मराठी पक्के व्हावे म्हणून. पुढे मिरज-सांगलीला आयटीआय असो, कॉलेज असो की नोकरी असो, सगळे मराठीत आहे. वर्गात बाईच कानडी शब्द घेऊ लागल्या तर मुले मराठी कधी बोलणार? माझ्या लहानपणी कानडी बोललो की गुरुजी छडी मारत. छडी वाईटच होती, तिचे समर्थन करत नाही, पण मराठी मात्र आले.

सीमेवरची शाळा (जत, जि. सांगली)

दादा, आपली शंका रास्त आहे आणि आमच्या गावातल्या पालकसभेतही ती अशीच मांडली गेली होती. वर्ग मराठीतच चालतो. वर्षभरात मला कानडी आले ते शंभर-दीडशे शब्दांपुरतेच, त्यामुळे मी कानडीत शिकवू शकतच नाही. बदल एवढाच केला की मुलाने कानडीत उत्तर दिले तर ते उत्तर म्हणून स्वीकारायचे आणि मग सर्वांनी मिळून तेच मराठीत म्हणायचे. जूनमध्ये माझ्या वर्गात मराठीत आपणहून बोलणारी मुले चार-पाच होती. बाकीची फक्त मी सांगितलेले म्हणून दाखवत होती. मार्चमध्ये मधल्या सुट्टीतल्या तक्रारीसुद्धा बहुतेक जण मराठीत करू लागले होते, 'बाई, त्यानं माझी पेन्सिल घेतला' अशा. 'घेतला' चुकते आहे, ते सुधारेल. पण तक्रार करण्याइतकी भाषा त्याला आपली वाटली, याचे मोल मला जास्त वाटते. छडीने आपल्याला मराठी आले असे आपण लिहिले आहे. त्याच वर्गातल्या ज्यांना छडीमुळे शाळाच सोडावीशी वाटली, अशी मुलेही आपल्याला आठवत असतील. जूनमध्ये आपण कधीही वर्गात येऊन बसावे, दार उघडे आहे.

वाळव्याच्या सरांना : आपण कार्डावर लिहिलेल्या चार ओळी मी माझ्या वहीत उतरवून घेतल्या आहेत. दुसरीची माझी मुले आता तिसरीला दुसऱ्या सरांकडे जातील. प्रत्येकाविषयी अशाच चार ओळी लिहून त्यांना देणार आहे. कोंबडी काढणाऱ्या मुलीपासून सुरुवात केली आहे.

पालक (जत)

बाई, आठवतात. दोघे होते, एक माझा चुलतभाऊच. जूनमध्ये येतो.

येरळाकाठ (खटाव, जि. सातारा)

जावळीच्या ताई, पर्जन्यमापक कसा केला ते कृपया लिहाल का? आमच्या भागात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपल्या आणि आमच्या शाळेत शंभर किलोमीटरही अंतर नसेल. दोन्ही शाळांनी जूनपासून एकाच पद्धतीने मोजले आणि दर शनिवारी पोस्टकार्डावर आकडे एकमेकांना कळवले तर मुलांना पुष्कळ काही पाहता येईल. टँकरची तारीखही आम्ही लिहू, शेवटचा टँकर कधी आला ती.

कोयनेपलीकडे (जावळी, जि. सातारा)

नक्की करू. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यावी. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा, नरसाळ्यासारखा तोंडात बसवावा. तळ खोलगट असतो, म्हणून बाजू जिथून सरळ होतात तिथपर्यंत आधी पाणी भरावे आणि तिथे शून्य धरून बाहेरून पट्टी चिकटवावी. बाटली झाडापासून आणि पागोळ्यांपासून दूर, उघड्यावर ठेवावी, रोज एकाच वेळी वाचावी आणि वाचून झाल्यावर पाणी पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत आणावे. आपल्याकडे दोन विटा पुरतील, आमच्याकडे या वर्षी चार विटा आणि दोरी लावणार आहोत. तक्त्यात 'नोंद नाही' हा रकाना आधीपासूनच आखून ठेवावा. पहिले पोस्टकार्ड चौथीतून पाचवीला गेलेला तो मुलगाच लिहील, त्याला विचारले आहे, तो हो म्हणाला आहे.